नॅशव्हिलला ये, पण चाळीस गाण्यांच्या भरवशावर नको

तू विचारलंस की पुण्यातली नोकरी सोडून, इंग्रजीत लिहिलेली चाळीस कंट्री गाणी घेऊन अमेरिकेत, नॅशव्हिलला आलास तर ती मोठ्या गायकांपर्यंत पोचतील का. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले त्याला बारा वर्षं झाली, आणि गाणी लिहायला इथेच शिकले. तू जरूर ये. फक्त त्या चाळीस गाण्यांच्या भरवशावर येऊ नकोस.

आधी व्हिसा. पर्यटक व्हिसावर दोन-तीन आठवडे येऊन ऐकता येईल, माणसं भेटतील, पण काम करता येत नाही. ओ-१ या कलाकारांना मिळणाऱ्या व्हिसासाठी आधीच नाव झालेलं लागतं. मी एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर होते. वर्क परमिट येईपर्यंत गाण्याचा एक डॉलरही घेता आला नाही, आणि ती वर्षं फार जड गेली. शिकायची तयारी असेल तर बेलमाँट विद्यापीठात गीतलेखनाचीच पदवी आहे. फी जबर आहे, पण म्युझिक रो तिथून चालत गाठता येतं.

म्युझिक रो म्हणजे सोळावा आणि सतरावा अव्हेन्यू साउथ. साध्या घरांसारख्या इमारती, आत पब्लिशरांची, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळून ती गायकांपर्यंत नेणाऱ्यांची ऑफिसं. दार वाजवून गाणं दिलंस तर ऐकणार नाहीत. अनोळखी माणसाचं गाणं ऐकलं आणि पुढे त्यांच्याकडून मिळतंजुळतं काही निघालं तर चोरीचा दावा लागू शकतो, ही त्यांची भीती.

इथे गाणं बहुतेकदा को-राइटमधून, म्हणजे एकत्र लिहिण्यातून जन्मतं. सकाळी दहा-अकराला दोघंतिघं एका खोलीत बसतात, दुपारपर्यंत गाणं उभं राहतं, फोनवर वर्क टेप, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग होतं. पब्लिशरचा प्लगर ते निर्मात्याकडे किंवा रेकॉर्ड कंपनीकडे नेतो. आवडलं तर ‘होल्ड’ लागतो, म्हणजे तूर्त दुसऱ्याला देऊ नका. पैसे नाहीत, लेखी हमी नाही. माझं एक गाणं सात महिने होल्डवर राहून परत आलं, तेव्हा मी रडले होते. रेकॉर्ड झालं तर ‘कट’, आणि कट झालेलं गाणंही अल्बममधून गळू शकतं. शिवाय कितीतरी नामवंत गायक आता स्वतःच त्या खोलीत लिहायला बसतात. म्हणून गाणं पोचवण्यापेक्षा त्या खोलीत बोलावणं येणं मोठं, आणि ते ओळखीतल्या लेखकांमुळेच येतं.

ती ओळख ब्लूबर्ड कॅफेत सुरू होऊ शकते. हिल्सबरो पाइकवरच्या दुकानांच्या रांगेतली, जेमतेम नव्वद खुर्च्यांची जागा, 1982 पासूनची. सोमवारी ओपन माइक असतो, म्हणजे नवख्यांनाही गाता येतं. गाणं चालू असताना बोललेलं तिथे खपत नाही. दुसऱ्यांची गाणी मनापासून ऐक, मगच को-राइटचं विचार.

पैशांचं बोलू. 2025 मध्ये सीडी किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला 12.7 सेंट होते. तिघांत सारखे वाटले तर साधारण सव्वाचार, त्यातला अर्धा पब्लिशरचा. खरी कमाई रेडिओवर, कारण अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ गीतकाराला पैसे देतो, गायकाला नाही. ते एएससीएपी, बीएमआयसारख्या मानधन गोळा करणाऱ्या संस्थांमार्फत येतात. आयपीआरएस या भारतातल्या तशाच संस्थेचा सदस्य असशील तर इथले पैसे कसे मिळतील ते तिथे आधी नीट विचारून घे.

गायकापर्यंत पोचवतो म्हणून पैसे मागणाऱ्याला छदामही देऊ नकोस. पहिल्या वर्षी मी चारशे डॉलर असेच घालवले.

एका बाबतीत मात्र तू पुढे आहेस. इथले वादक कॉर्ड अक्षरांऐवजी आकड्यांनी लिहितात. एक-चार-पाच म्हणजे सा-म-प वर उभे राहणारे कॉर्ड. पट्टी बदलली तरी आकडे तेच. पेटी शिकलेल्याला हे एका दुपारी जमतं. आणि भावगीतात अंतरा जसा मुखड्यावर येतो, तसा इथे प्रत्येक अंतरा हुकवर, म्हणजे मनात राहणाऱ्या मुख्य ओळीवर यावा लागतो, बहुधा गाण्याच्या नावावरच. तिसऱ्या वेळी त्याच शब्दांचा अर्थ थोडा वेगळा लागला, की खोलीतली माणसं मान वर करतात.

तिकीट काढण्याआधी चाळिसांतली दोन पाठव, नुसत्या गिटारवर फोनमध्ये गाऊन. अंतऱ्याची शेवटची ओळ हुकवर कशी उतरते, ते मला ऐकायचंय.