संकेतस्थळ नंतर, आधी नोंदी

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाराशे जुन्या पत्रांची छायाचित्रं काढून झाली, आता त्यांचं देखणं संकेतस्थळ करायचं म्हणतेस. तुझा उत्साह पाहून फार बरं वाटलं. तरी संकेतस्थळ थोडं लांबणीवर टाक.

तुझ्या वयाची असताना मी तीन वर्षं खपून एक शब्दसूची संगणकावर उभी केली. ती विभागाच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर बदलला तेव्हा तिची आठवण कोणालाच राहिली नाही. माझ्याकडे उरला छापील कागदांचा एक गठ्ठा. तेव्हापासून कुठलंही काम हाती घेताना मी आधी विचारते, निधी संपल्यावर हे सांभाळणार कोण?

ब्रिटनमध्ये कला आणि मानव्यविद्यांच्या डेटासाठी १९९६ साली राष्ट्रीय सेवा सुरू झाली आणि २००८ मध्ये तिचा निधी थांबला. तिचाच भाग असलेली यॉर्क विद्यापीठातली आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस मात्र आजही चालू आहे. डेटा जतन करायला देणाऱ्या प्रकल्पांकडून ती शुल्क घेते, म्हणजे जतनाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा लागतो. तुझ्या प्रस्तावात तो रकाना मला दिसला नाही. तो घाल.

आता खऱ्या कामाकडे. टीईआय ही मजकुरावर खुणा करण्याची पद्धत शिकून घे. १९८७ पासून अभ्यासकांनीच ती घडवत आणली आहे. शाई पसरल्यामुळे शब्द नीट लागत नसेल तर ‘अनक्लियर’, कागद फाटलाय आणि शब्द तू अंदाजाने भरलास तर ‘सप्लाइड’, काहीच भरता आलं नाही तर ‘गॅप’. छापील आवृत्तीत हे तिन्ही बरेचदा एकाच चौकटी कंसात कोंबलेले मी पाहिले आहेत. इथे तसं भागत नाही. यांतली कोणती खूण करायची हे ठरवायला तू त्याच पानाकडे चौथ्यांदा वळतेस, आणि संपादन घडतं ते नेमकं तिथे. हे काम तांत्रिक म्हणून दुसऱ्या कोणावर सोपवू नकोस, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

तारखांचंही तसंच. पत्रावर साल नसेल तर एकच साल ठोकून देऊ नकोस. ‘याच्या आधी नाही’ आणि ‘याच्या नंतर नाही’ अशा दोन नोंदी कर. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी येत असेल तर त्याला विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यातला क्रमांक जोड, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या संग्रहातला तोच माणूस तुझ्या पत्रांना येऊन मिळेल.

सगळं साध्या मजकुराच्या फायलींत ठेव आणि झेनोडोसारख्या संशोधन-साहित्याच्या ऑनलाइन भांडारात जमा कर. ते सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची संशोधन संस्था २०१३ पासून चालवते. तिथे प्रत्येक आवृत्तीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक मिळतो. आणि हो, स्कॅन वाचलास तर संदर्भही स्कॅनचाच दे. पडद्यावर वाचून तळटीप छापील प्रतीची देण्याची सवय आपल्यात फार आहे. त्यामुळे स्कॅन करणाऱ्यांचे श्रम कुठेच नोंदले जात नाहीत, आणि त्यांना पुढचा निधी मागायला आधारही उरत नाही.

पहिली पन्नास पत्रं अशी तयार करून पाठव. ‘अनक्लियर’ कुठे कुठे केलंयस, ते मला आधी पाहायचं आहे.