टर्बोचा ‘फुस्स’ नेमका कुठून येतो?

टर्बो पेट्रोल इंजिनांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ब्लो-ऑफ व्हॉल्व्हसंबंधी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेचा विद्यार्थी आहे. आमच्या घरी १.० लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. घाट चढताना गिअर बदलण्यासाठी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की बॉनेटखालून हलकासा ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा आवाज आहे, असे मित्र सांगतात. हा व्हॉल्व्ह कुकरच्या शिट्टीसारखा जास्तीचा दाब सोडून देतो का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : मित्रांचे म्हणणे बरोबर आहे, कुकरची उपमा मात्र येथे दिशाभूल करते. कुकरची शिट्टी आतला दाब ठरावीक पातळीला पोहोचला की उचलली जाते. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह निव्वळ दाब वाढला म्हणून उघडत नाही. गाडी पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबावर, चढ चढत असताना तो घट्ट मिटलेला असतो, आणि तसाच असायला हवा. दोन ठिकाणच्या दाबांत मोठा फरक पडला की तो उघडतो, आणि हा फरक पडतो थ्रॉटल, म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा कमी-जास्त करणारी चकती, मिटल्यावर.

हवेचा मार्ग डोळ्यांसमोर आणला तर हे सहज समजेल. एअर फिल्टरमधून आलेली हवा टर्बोच्या कॉम्प्रेसरमध्ये शिरते, तेथे दाबली जाते, इंटरकूलरमध्ये थंड होते, थ्रॉटलच्या चकतीवरून इनटेक मॅनिफोल्डमध्ये उतरते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. कॉम्प्रेसर फिरवणारे टर्बाइन त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असते व एक्झॉस्टच्या तापलेल्या वायूंवर चालते. लहान गाड्यांच्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला २ लाखांहून अधिक फेरेही घेऊ शकतो. इतक्या वेगाने फिरणारी वस्तू आपण पाय उचलला म्हणून लगेच थांबत नाही. थ्रॉटलची चकती मात्र क्षणार्धात मिटते.

आता थोडे गणित करू. तुमचे १.० लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन ३००० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण १५०० लिटर हवा ओढते. टर्बोचा बूस्ट १ बार असेल, म्हणजे मॅनिफोल्डमधला एकूण दाब वातावरणाच्या दुप्पट असेल, तर बाहेरच्या हवेच्या हिशेबाने ते ३००० लिटर, म्हणजेच सेकंदाला सुमारे ५० लिटर होतात. कॉम्प्रेसरपासून थ्रॉटलपर्यंतच्या नळ्या आणि इंटरकूलर मिळून ५ लिटर जागा आहे, असे धरू. चकती मिटल्यावर कॉम्प्रेसर त्याच जोमाने हवा ढकलत राहिला, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आणखी ५ लिटर हवा त्या बंद जागेत कोंबली जाईल आणि तिथला दाब आणखी १ बारने चढेल.

प्रत्यक्षात तो इतका चढत नाही, कारण त्याआधीच कॉम्प्रेसर हार मानतो. कोणत्याही केंद्रोत्सारी कॉम्प्रेसरला विशिष्ट दाब टिकवायचा असेल, तर त्यातून किमान काही हवा वाहती असावी लागते. प्रवाह त्या मर्यादेखाली गेला की हवा पात्यांना धरून वाहत नाही, आणि पुढे साठलेली दाबाची हवा उलटी फिरून चाकातूनच मागे येते. त्यामुळे पुढचा दाब उतरतो, कॉम्प्रेसर पुन्हा हवा ढकलू लागतो, दाब पुन्हा चढतो, हवा पुन्हा उलटते. हे चक्र सेकंदात अनेकदा घडते आणि त्याचा ‘स्तु-तु-तु-तु’ असा फडफडाट ऐकू येतो. याला सर्ज म्हणतात. यात दांड्यावरचा अक्षीय जोर क्षणोक्षणी दिशा बदलतो व तो थ्रस्ट बेअरिंगला सोसावा लागतो. शिवाय चाकाचा वेग झपाट्याने उतरतो, त्यामुळे पुढच्या गिअरमध्ये पुन्हा बूस्ट जमायला वेळ लागतो. हाच फडफडाट ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा आवाज समजून काही हौशी मंडळी तो मुद्दाम काढण्यासाठी व्हॉल्व्ह बंद करून घेतात. व्हॉल्व्ह ज्यापासून बचाव करण्यासाठी बसवलेला असतो, तेच विकत घेण्याचा हा प्रकार आहे.

व्हॉल्व्हची रचना अगदी साधी आहे. एक पिस्टन किंवा रबरी पडदा असतो, त्याला वरून दाबून धरणारी स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या कप्प्यापासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत एक बारीक होज गेलेला असतो. पिस्टनच्या खालच्या बाजूला थ्रॉटलच्या अलीकडची हवा, वरच्या बाजूला थ्रॉटलच्या पलीकडची. पिस्टनचा व्यास २५ मिलिमीटर मानला तर क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर होते. पूर्ण बूस्टवर थ्रॉटल उघडा असल्याने खालीही १ बार आणि वरही १ बार. हवेचे जोर एकमेकांना खोडतात व स्प्रिंग पिस्टनला बसकणीवर दाबून ठेवते. पाय उचलला की खाली १ बार दाब तसाच राहतो, पण वर मॅनिफोल्डमध्ये इंजिनच्या ओढीने उणे ०.६ बारच्या आसपास व्हॅक्यूम तयार होतो. फरक १.६ बार, म्हणजे पिस्टनला उचलणारा जोर सुमारे ८ किलो. गाडी नुसती आयडलवर उभी असेल तेव्हा वर व्हॅक्यूम असतोच, पण खाली बूस्ट नसतो, म्हणून हा जोर सुमारे ३ किलो भरतो. स्प्रिंग या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, खालच्या आकड्याला जवळ अशी निवडली, की व्हॉल्व्ह आयडलला मिटलेला राहतो आणि पाय उचलताच उघडून कोंडलेली हवा सोडतो.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हा होज नसतोच. व्हॉल्व्ह थेट टर्बोच्या अंगावर बसवलेला असतो आणि थ्रॉटल मिटताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सोलेनॉइडला (विद्युत चुंबकाला) संकेत देऊन तो उघडतो. तुमच्या गाडीत बाहेर पडलेली हवा बहुधा परत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी सोडली जाते, म्हणून आवाज हलका येतो.

अभ्यासाच्या दृष्टीने एक नोंद करतो. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने टर्बोचे पेटंट १९०५ मध्ये घेतले आणि पुढे जहाजे व रेल्वे इंजिनांच्या डिझेलवर टर्बो रुळला, तरी तिथे या व्हॉल्व्हची गरज पडली नाही, कारण डिझेलला थ्रॉटल नव्हता. १९६२ च्या शेवरोले कॉर्वेअरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात थ्रॉटल होता, पण तो कार्ब्युरेटरसह कॉम्प्रेसरच्या आधी होता. तो मिटला की कॉम्प्रेसरला मिळणारी हवाच तुटत असे, आणि कोंडण्याचा प्रश्न येत नसे. थ्रॉटल कॉम्प्रेसरच्या पुढे गेला, तेव्हाच या व्हॉल्व्हची निकड निर्माण झाली.

प्रश्न : वेस्टगेट आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह एकच का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. वेस्टगेट एक्झॉस्टच्या बाजूला असतो. बूस्ट ठरलेल्या मर्यादेला आला की तो काही वायू टर्बाइनला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे पाठवतो, आणि टर्बोला अति वेग घेऊ देत नाही. तो पाय दाबलेला असताना काम करतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह इनटेकच्या बाजूला असतो आणि पाय उचलल्यावर काम करतो.

प्रश्न : माझ्याकडे डिझेल एसयूव्ही आहे. ॲक्सेसरीजच्या एका दुकानदाराने ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचे किट सुचवले आहे. त्याने पिकअप सुधारतो व टर्बोचे आयुष्य वाढते, असे तो म्हणतो. बसवावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बसवू नये. डिझेल इंजिनाची ताकद हवा अडवून नव्हे, तर इंजेक्टरमधून जाणारे इंधन कमी-जास्त करून नियंत्रित केली जाते. तुम्ही पाय उचलता तेव्हा इंधन तुटते, पण हवेची वाट खुलीच राहते. कॉम्प्रेसरने ढकललेली हवा सिलिंडरमधून निघून जाते व दाब आपोआप उतरतो. कोंडमाराच नाही, तर त्यावरचा उपाय कशाला? बीएस-६ डिझेल गाड्यांत थ्रॉटलसारखी एक चकती असते हे खरे. पण तिचे काम एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इनटेकमध्ये ओढून घेणे, काजळीचा फिल्टर जाळून साफ होताना तापमान वाढवणे आणि इंजिन बंद करताना हिसका बसू न देणे हे आहे. पेट्रोलच्या थ्रॉटलप्रमाणे प्रत्येक वेळी पाय उचलला की ती धाडकन मिटत नाही.

डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नसल्याने ही किटे स्वतःहून उघडूच शकत नाहीत. म्हणून त्यांत पेडलला एक स्विच जोडलेला असतो आणि तुम्ही पाय उचलला की विजेवर व्हॉल्व्ह उघडला जातो. म्हणजे टर्बोने जमवलेला बूस्ट विनाकारण बाहेर सोडला जातो आणि पुढच्या गिअरमध्ये तो पुन्हा जमवावा लागतो. पिकअप सुधारण्याऐवजी किंचित बिघडलाच तर आश्चर्य वाटू नये. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ कॉम्प्रेसरच्या आधीच हवेत मिसळत असल्यामुळे, बाहेर सोडलेल्या हवेबरोबर बॉनेटखाली तेलकट थरही बसत जातो. दुकानदार विकतो आहे तो आवाज. तो हवा असेल तर तसे समजून घ्यावा, पण टर्बोच्या आयुष्याचे नाव त्याला देऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलाने टर्बो पेट्रोल गाडीला हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवून घेतला. तेव्हापासून गिअर बदलताना काळा धूर येतो आणि सिग्नलला थांबताना इंजिन कधीकधी बंद पडते. व्हॉल्व्ह सदोष आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : व्हॉल्व्ह कदाचित निर्दोष असेल, तो या गाडीत चुकीचा आहे. एअर फिल्टरच्या डब्यालगतच्या नळीत तारा जोडलेला एक सेन्सर बसवलेला दिसतो का, ते पाहा. तो असेल तर तुमची गाडी आत येणारी हवा मोजून त्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम हवेला १ ग्रॅम या हिशेबाने, पेट्रोल सोडते. कंपनीच्या रचनेत व्हॉल्व्हमधून सुटलेली हवा सेन्सर आणि कॉम्प्रेसर यांच्या मधल्या नळीत परत येते, म्हणून एकदा मोजलेली हवा हिशेबातच राहते. नव्या व्हॉल्व्हने ती बाहेर फेकली जाते. ईसीयूला मात्र ती सिलिंडरमध्येच गेली असे वाटते, आणि नसलेल्या हवेसाठीही पेट्रोल सोडले जाते. काळा धूर हे त्या न जळलेल्या जादा पेट्रोलचे चिन्ह आहे. फेऱ्या उतरत असताना मिश्रण असे दाट झाले की इंजिन गुदमरून बंद पडते. हे चालू राहिले तर स्पार्क प्लग काजळतात आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, जो सहसा या सर्व हौशीपेक्षा महाग पडतो.

त्यात स्प्रिंग फार मऊ असेल तर दुसरी अडचण येते. आयडलला व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि फिल्टर न झालेली, न मोजलेली हवा त्यातून आत ओढली जाते. आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ लक्षात घेता कॉम्प्रेसरनंतर अशी वाट उघडी ठेवणे मला अजिबात पटत नाही. ज्या गाड्या हवा न मोजता मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा अंदाज घेतात, त्यांत मिश्रणाची गडबड फारशी होत नाही. पण तिथेही लाभ काही नाही. विजेवर चालणाऱ्या मूळ व्हॉल्व्हखाली चकती सरकवून थोडी हवा बाहेर सोडणारी साधने मिळतात, त्यांचाही हेतू आवाजापलीकडचा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांविषयी आहे, तर कलम १९० मध्ये आवाज व धूर यांच्या मर्यादा ओलांडल्यास दंडाची तरतूद आहे, हेही मुलाच्या कानावर घालावे. मूळ व्हॉल्व्ह जपून ठेवला असेल तर परत बसवा आणि ईसीयूमधील नोंदी पुसून घ्या.

प्रश्न : पाच वर्षे वापरलेल्या माझ्या टर्बो पेट्रोल गाडीची ओढ अचानक कमी झाली. इंजिनचा दिवा लागतो, पाय दाबल्यावर सुसाट वाऱ्यासारखा आवाज येतो, धूर अजिबात नाही. एका गॅरेजने संपूर्ण टर्बो बदलायला सांगितले आहे. दुसरे मत काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या. पी-०२९९ हा कोड आला, तर त्याचा अर्थ अपेक्षेपेक्षा कमी बूस्ट एवढाच आहे; टर्बो गेला असा नाही. तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून दाबाची हवा कुठेतरी निसटत असावी. फाटलेला इंटरकूलरचा होज, सैल क्लॅम्प आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा चिरलेला पडदा हे संशयित पहिले तपासावेत. उष्णतेने रबरी पडद्याला सूक्ष्म चीर जाते आणि बूस्ट चढला की हवा तिच्यातून पळते, हे इतके परिचित आहे की काही उत्पादकांनी पुढे पडद्याऐवजी पिस्टनचे व्हॉल्व्ह दिले.

तपासणी सोपी आहे. मॅनिफोल्डकडून येणारा बारीक होज व्हॉल्व्हवरून काढून तिथे हाताचा व्हॅक्यूम पंप जोडावा आणि आयडलच्या ०.६ बारपेक्षा थोडी अधिक ओढ द्यावी. काटा स्थिर राहिला आणि आतला पिस्टन हललेला दिसला तर व्हॉल्व्ह ठीक आहे. काटा उतरू लागला तर पडदा फाटला आहे. काटा स्थिर, पण पिस्टन हलत नसेल, तर तो अडकला आहे. तो बारीक होजही वाकवून पाहावा, टोकांशी त्याला तडे जातात. व्हॉल्व्ह विजेवर चालणारा असेल, तर स्कॅनरवरून आज्ञा देऊन त्याचा ‘टक’ असा आवाज ऐकावा व काढून पडदा नजरेने तपासावा. यातून काही निष्पन्न झाले नाही, तर इनटेकच्या मार्गात धूर सोडून गळतीची जागा शोधता येते.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तरच टर्बोकडे वळावे. इंजिन बंद व थंड असताना कॉम्प्रेसरच्या तोंडाची नळी काढून दांड्याचे टोक बोटांत धरून हलवावे. आडवा किंचित खेळ जाणवणे स्वाभाविक आहे, कारण तेलाचा पडदा तेव्हा नसतो. पण दांडा आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती आवरणाला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर गॅरेजचे म्हणणे मान्य करावे.