ग्वाटेमालाला राहायला जाताय, तर ‘लुप्त’ हा शब्द आधी सोडा

यजमानांची दोन वर्षांसाठी ग्वाटेमाला सिटीला बदली झालीये आणि सोबत शाळकरी मुलं आहेत. कागदपत्रं, घर, स्वयंपाक यांचं कसं करायचं आणि ‘लुप्त झालेली माया संस्कृती’ मुलांना कशी दाखवायची, असं तुम्ही विचारलंय.

शेवटचं आधी सांगते. तिकालसारखी नगरं दहाव्या शतकापर्यंत ओस पडली हे खरं, पण माणसं तिथेच राहिली. पेतेन इत्झा सरोवरातलं शेवटचं माया राज्य स्पॅनिशांच्या हाती पडलं 1697 मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर तेवीस वर्षांनी! 2018 च्या जनगणनेत सुमारे 42 टक्के लोकांची नोंद माया अशी आहे. किचे, केक्ची, माम, काक्चिकेल अशा 22 माया भाषा आजही बोलल्या जातात. भाजीवाली काक्चिकेल बोलणारी असेल, तर मुलांना ‘मात्योश’ म्हणजे ‘आभार’ म्हणायला शिकवा. तिकाल नंतर दाखवा, आधी बाजार दाखवा.

एक शब्द मात्र कटाक्षाने टाळा. स्वतःची ओळख सांगताना ‘इंदिओ’ म्हणू नका, तिथे तो माया माणसाला हिणवायचा शब्द आहे. ‘सोय दे ला इंदिया’, म्हणजे ‘मी भारतातली’, असं म्हणा. 1960 ते 1996 च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली आणि त्यांत बहुसंख्य माया होती. त्यामुळे नव्या ओळखीत तो विषय आपण होऊन काढू नये.

विवाहाचा आणि जन्माचे दाखले आधी राज्य सरकारकडून प्रमाणित करून घ्या, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं प्रमाणपत्र. हे भारतातूनच उरकून न्या. स्पॅनिश भाषांतर ग्वाटेमालात पोचल्यावर, तिथल्या अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यायचं. घोळ नावांत होतो. तिथे आधी वडिलांचं आणि मग आईचं आडनाव लावतात, त्यामुळे आपलं मधलं नाव सहज आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. प्रत्येक अर्ज पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून मगच सही करा. पर्यटक म्हणून मिळणारे 90 दिवस ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चौघांत मिळून मोजतात. शेजारी जाऊन आलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही.

शहर सुमारे 1500 मीटर उंचीवर आहे. एसी लागत नाही, रात्री स्वेटर लागतो. मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि त्यालाच तिथे ‘इन्विएर्नो’, म्हणजे हिवाळा म्हणतात. घर बघताना ‘बारांको’च्या, म्हणजे खोल घळीच्या कडेचं नको, पावसात कडा खचतात. 4 फेब्रुवारी 1976 च्या भूकंपात कच्च्या विटांची घरं कोसळून सुमारे 23,000 माणसं गेली. म्हणून बांधकामाचं साल आणि आरसीसी खांब यांची चौकशी कराच. पिण्याचं पाणी नळाचं नाही, 5 गॅलनच्या बाटलीचं.

पत्ता एकदा कळला की सोपा आहे. ‘6 अवेनिदा 12-34, सोना 1’ म्हणजे पहिल्या विभागात, सहाव्या अवेनिदावर, बाराव्या कायेच्या कोपऱ्यापासून साधारण 34 मीटरवर. अवेनिदा म्हणजे उत्तर-दक्षिण रस्ते, काये म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ते. तेच आकडे दुसऱ्या विभागातही असतात, त्यामुळे ‘सोना’ सांगायला विसरलात तर टॅक्सी भलतीकडेच जाते.

वीज 120 व्होल्ट. आपला 230 चा मिक्सर नेऊ नका, तिथेच घ्या. वेलचीही नेऊ नका! कोबानच्या डोंगरात ती एवढी पिकते की जगातल्या मोठ्या निर्यातदारांत ग्वाटेमालाचं नाव आहे.

भाकरीची सवय असेल तर तोर्तिया, म्हणजे तिथली मक्याची पातळ भाकरी जमेल, पण साध्या मक्याच्या पिठाची नव्हे, त्याला चिकटपणा नसतो. एक किलो मक्याला तीन लिटर पाणी आणि सुमारे 10 ग्रॅम खाण्याचा चुना घाला. पाऊण तास मंद उकळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी चोळून तीन-चार पाण्यांतून धुतलं की सालं सुटतात. चुना जास्त पडला किंवा धुणं कमी झालं तर पीठ पिवळं आणि कडवट होतं, कमी पडला तर तोर्तिया थापताना कडा चिरतात. चुन्यामुळे मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ही युक्ती माहीत नसलेल्या देशांत मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा, म्हणजे नायासिनच्या कमतरतेचा आजार झाला. हा भिजलेला मका पिठाच्या चक्कीत घालू नका. ओलं दळण दळणारा ‘मोलिनो’ वस्तीत असतो, तिथे सकाळी लवकर जा.