सशापासून मूसपर्यंत एकच रायफल: हिशेब बसतो का?

प्रश्न असा आहे. वाचक कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सजवळ राहतात. ग्रीन कार्ड आहे. ऑफिसातले सहकारी दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातात, यंदा यांनाही जायचं आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स करून झाला. दुकानदाराने .३०० विंचेस्टर मॅग्नम या दणकट काडतुसाची, कार्बन फायबर नळीची रायफल दाखवली आहे: २,६०० डॉलर. वर दुर्बीण १,५०० आणि माउंट, पट्टा, केस मिळून २००, असे एकूण ४,३०० डॉलर. पैसे दुकानाच्या कार्डावर, २४ महिने बिनव्याजी. ते लिहितात, "एकदाच घ्यायची, पण अशी की सशापासून मूसपर्यंत (हरणांतलं सगळ्यांत मोठं जनावर) सगळ्याला चालेल. उद्या अलास्कालाही नेता येईल. शिवाय घरात मांस येईल, आणि रायफलीची किंमत तशी पडत नाही." दुसऱ्या क्रेडिट कार्डावर ३,१०० डॉलर थकलेत, व्याज २२ टक्के. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला आहे. महिन्याला ६०० डॉलर शिल्लक पडतात. मुलगी दहा वर्षांची. पत्नीचं म्हणणं, "हौस कर, पण हप्त्यावर नको."

नमस्कार. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुमचंही निम्मं बरोबर आहे. एकच रायफल घ्यायची ही कल्पना चांगली आहे, खिशालाही आणि नेमालाही. खर्च वाढतो तो "सगळ्याला चालेल" या अटीमुळे. या अटीची किंमत तुम्ही कोणत्या जनावरासाठी मोजताय, ते एकदा कागदावर मांडू.

सशापासून सुरुवात करू. .३०० मॅग्नमची गोळी सशाला लागली तर घरी न्यायला काही उरत नाही. छोट्या शिकारीला .२२ रिमफायर, म्हणजे अगदी लहान काडतुसाची रायफल लागते. ती दोनशे-तीनशे डॉलरांत नवी मिळते आणि तिची एक गोळी दहा सेंटच्या आसपास पडते. बदकं आणि गीझ यांचं तर विचारूच नका. स्थलांतरित पक्ष्यांवर रायफल चालवायला संघराज्याच्या नियमांनीच बंदी आहे. तिथे शॉटगन लागते, तीही एका वेळी तीनच काडतुसं मावतील अशी आतून बुच बसवलेली, आणि पाणपक्ष्यांसाठी छरे शिशाचे चालत नाहीत. म्हणजे खालच्या टोकाला तुमची अट जगातली कुठलीच रायफल पुरी करू शकत नाही, मग ती २,६०० ची असो की २६,००० ची.

आता वरचं टोक. कोलोरॅडोत मूसचा परवाना ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, लागायला वर्षानुवर्षं जातात, आणि नर मूस माणसाला आयुष्यात एकच मारता येतो. अलास्कात ग्रिझली अस्वलाच्या मागे जायचं तर तुम्हा-आम्हा बाहेरच्या राज्यातल्यांना गाइड घेणं सक्तीचं आहे. त्या सहलीचा खर्च वीस हजार डॉलरच्या पुढेच जातो. तो दिवस आला तर त्या खर्चात वेगळी रायफल सहज बसेल. दहा वर्षांनी कदाचित येणाऱ्या अस्वलासाठी आज हप्ता सुरू करायचं कारण मला दिसत नाही. आणि मूसला मॅग्नमच लागते असंही नाही. स्वीडनमध्ये दरवर्षी हजारो मूस मारले जातात, आणि तिथल्या शिकाऱ्यांचं जुनं आवडतं काडतूस आहे १८९४ सालचं ६.५ × ५५. ते तुमच्या मॅग्नमपेक्षा कितीतरी मवाळ आहे.

उरतात ती मधली जनावरं: म्यूल डिअर, प्रॉन्गहॉर्न, एल्क. तुमची प्रत्यक्ष शिकार हीच. कोलोरॅडोचा नियमही मागणी फार करत नाही: गोळीचा व्यास निदान .२४ इंच, एल्कसाठी वजन निदान ८५ ग्रेन (गोळीचं वजन मोजायचं माप), गोळी आत जाऊन फुलणारी, आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड (गोळीच्या ताकदीचं माप) ऊर्जा. .३०८ विंचेस्टर हे १९५२ पासून बाजारात असलेलं काडतूस शंभर यार्डांवर याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा देतं. .३०-०६, म्हणजे लोक ज्याला थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात ते, अमेरिकन लष्कराने १९०६ मध्ये घेतलं. आजही प्रत्येक गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्याचे खोके दिसतात. ६.५ क्रीडमूर २००७ चं, खांद्याला सगळ्यांत कमी धक्का देणारं. या तिघांपैकी कोणतंही घ्या, मला फरक पडत नाही. दुकानात यावरून तासभर वाद घालणारे लोक भेटतील, त्यांना घालू द्या.

फरक पडतो तो धक्क्याचा, आणि इथे थोडं थांबतो, कारण या व्यवहारातला खरा पैसा इथे आहे. .३०० मॅग्नमचा खांद्याला बसणारा धक्का .३०८ च्या साधारण दीडपट असतो. कार्बनच्या नळीने रायफल हलकी होते, आणि रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त. नवशिका माणूस दहा-बारा बार टाकले की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. मग तो सराव टाळतो. त्यात मॅग्नमच्या शिकारी गोळ्यांचं वीसचं खोकं ५५ डॉलरच्या आसपास आणि .३०८ चं ३५ च्या. म्हणजे एक बार पावणेतीन डॉलरला, दुसरा पावणेदोनला. शंभर बार टाकायचे तर शंभर डॉलरचा फरक. सरावासाठी साध्या गोळ्या घेतल्या तर .३०८ आणखी स्वस्त पडते. महागडी रायफल घेऊन वर्षाला एक खोकं उडवणारा शिकारी आणि सहाशेची रायफल घेऊन पाच खोकी उडवणारा, यांच्यात एल्क कोणाला मिळेल हे तुमचे सहकारीही सांगतील.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. उन्हाळ्यात सहकाऱ्यांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जा. कोणाकडे तरी .३०० असेल, कोणाकडे .३०८. दोन्हींतून पाच-पाच बार टाका. गोळ्यांचे पैसे तुम्ही द्या. पंचवीस डॉलरच्या आत एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

आता मांसाचा मुद्दा. एका एल्कचं हाडं काढलेलं मांस ढोबळमानाने दीडशे पौंड धरा. बाजारात खिमा सहा डॉलर पौंडाने धरला तर ९०० डॉलरचं मांस. पण कोलोरॅडोत एल्कच्या मागे जाणाऱ्या पाचांतला एखादाच मारून येतो. म्हणजे सरासरीने वर्षाला १८० डॉलर. आणि ४,३०० भागिले २४ म्हणजे महिन्याचा हप्ताही बरोबर १८० च्या घरात! वर्षाचं मांस महिन्याच्या हप्त्याएवढं. त्यातून परवाना, पेट्रोल, बूट आणि खाटकाची मजुरी अजून वजा करायची आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यात कोंबडी पाचातल्या एका वर्षीच. शिकारीला जरूर जा, डोंगरात आठवडा काढा, मित्रांबरोबर राहा. ती करमणूक आहे आणि करमणुकीच्या खात्यातच लिहा. वाणसामानाच्या खात्यात दाखवून बजेट फुगवू नका.

"किंमत पडत नाही" हेही अर्धसत्य. १९६४ पूर्वीच्या विंचेस्टर मॉडेल ७० सारख्या काही रायफली संग्राहक चढ्या भावाने घेतात. तुम्ही घेताय ती दर महिन्याला शेकड्यांनी बनते. विकायला गेलात तर रायफलीचे बरे पैसे येतील, दुर्बिणीचे कमी, आणि करांचे शून्य. बंदुकांवर आणि गोळ्यांवर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने ११ टक्के कर उत्पादकाकडून आधीच वसूल झालेला असतो, तो किमतीत मुरलेला आहे. (तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मला हा कर मनापासून पटतो.) त्यावर कोलोरॅडोने एप्रिल २०२५ पासून साडेसहा टक्के वेगळा लावला आहे. तो विक्रेत्यावर असला तरी शेवटी बिलात उतरतोच. २,६०० वर ते १६९ डॉलर होतात. वर नेहमीचा सेल्स टॅक्स. दुकानदाराने हे ४,३०० मध्ये धरलंय का, विचारा.

बिनव्याजी हप्त्याचं बारीक टायपातलं वाचा. दुकानांच्या कार्डावर बहुतेक वेळा व्याज माफ नसतं, पुढे ढकललेलं असतं. चोविसाव्या महिन्याअखेर दहा डॉलर जरी बाकी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं, आणि या कार्डांचे दर तीस टक्क्यांच्या आसपास असतात. शिवाय स्टेटमेंटवर छापलेला किमान हप्ता भरत राहिलात तर मुदतीत कर्ज फिटतच नाही. तो आकडा मुद्दाम तसा ठेवलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं ३,१०० चं जुनं कार्ड वर्षाला जवळजवळ ६८० डॉलर व्याज खातंय. ते चालू ठेवून नवं कर्ज घेणं मी कोणालाच सांगणार नाही, कारण काहीही असो.

मी काय करेन ते सांगतो. जानेवारी ते जून तुमचे ६०० थेट जुन्या कार्डाकडे. व्याज धरून जूनमध्ये ते फिटतं आणि तीनशेच्या आसपास उरतात. जुलै-ऑगस्टचे बाराशे मिळून दीड हजार होतात. त्यात .३०८ ची साधी बोल्ट अॅक्शन (दर बारानंतर हाताने खटका ओढायची) रायफल ६०० च्या आत, रुगर अमेरिकन किंवा त्या पंक्तीतली. दुर्बीण ३ ते ९ पटीची, तीनशेच्या घरात. जंगलात तीनशे यार्डांच्या आत यापेक्षा जास्त कशाला लागतं ते मला कळलेलं नाही. माउंट आणि पट्टा ८०. गोळ्या २००. कुलपाचं पोलादी कपाट २५०. कर धरून हे सोळाशेच्या आगेमागे जातं. वरचे शंभर-दीडशे आणि परवान्याचे पैसे सप्टेंबरच्या शिलकीतून निघतील. सप्टेंबरभर सराव करा. ऑक्टोबरपासून उरलेले पैसे पुन्हा अडीअडचणीच्या फंडाकडे वळवा, निदान चार महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. .२२ ची इच्छा राहिलीच तर पुढच्या दिवाळीला घ्या, मुलीलाही तुमच्या देखरेखीखाली शिकायला तीच बरी.

कपाटावर कात्री चालवू नका. घरात अल्पवयीन मूल असताना बंदूक कुलपात ठेवणं कोलोरॅडोत २०२१ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. गाडीतही उघडी टाकून जाता येत नाही. दुकानदाराने पार्श्वभूमी तपासणी सुरू केल्यावर रायफल हातात यायला निदान तीन दिवस थांबावं लागतं, तेव्हा हंगामाच्या आदल्या दिवशी दुकानात धावू नका.

विम्याचंही बघा. घरमालकाच्या किंवा भाडेकरूच्या नेहमीच्या पॉलिसीत बंदुका आणि त्यांचं साहित्य चोरीला गेलं तर भरपाई बहुधा २,५०० डॉलरवर थांबते. ४,३०० चा संच घेतलात तर वरचे १,८०० उघडे पडतात, किंवा वेगळा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) घ्यावा लागतो. हजारभराचा संच आपोआप मर्यादेत बसतो. एजंटला एक फोन करून आकडा पक्का करून घ्या.

हे वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांसाठी एक ओळ: तुम्हाला हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद आहे, पण पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. चुकीची फी ग्रीन कार्डच्या रांगेत भरावी लागते.

शेवटी, पत्राच्या ताज्या कलमात तुम्ही विचारलंत की पुढे भारतात परतलो तर रायफल कोकणातल्या घरी नेता येईल का, रानडुकरांसाठी. त्या आशेवर एक डॉलरही जास्त मोजू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तिथे हौसेची शिकार संपली आहे, आणि शस्त्राचा भारतीय परवाना ही वेगळीच लढाई आहे. परतायचं ठरलं तर रायफल इथेच विका. तोवर, एल्कच्या ड्रॉचे अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत असतात. रायफल हातात नसली तरी अर्ज करता येतो, तेवढा चुकवू नका.