सहा महिने मास्क लावून फिरणारा मुलगा

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो आला तो मास्क लावूनच. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). वीस मिनिटं झोप, सबमिशन, डोकेदुखी यांवरच बोलत राहिला. मग मास्क खाली केला. "मॅडम, हे बघा."

मला काहीच दिसेना. त्यानं बोटांनी वरचा ओठ ताणला, तेव्हा कडेला रव्याच्या कणांसारखे फिकट पिवळसर दाणे दिसले. त्यांच्या आजूबाजूला मात्र ओठ सोलवटलेला. टूथपेस्ट चोळून झाली होती, टाचणीनं टोचूनही झालं होतं.

सहा महिन्यांपूर्वी त्यानं मैत्रिणीचं चुंबन घेतलं होतं, एकदाच. नंतर आरशात हे दाणे दिसले आणि रात्री दोन वाजता मोबाइलवर 'हर्पीस' (विषाणूमुळे होणारा, स्पर्शातून पसरणारा फोडांचा आजार) हा शब्द सापडला. तेव्हापासून तिला भेटणं बंद. घरात पाण्याचा पेला वेगळा. आईनं घास पुढे केला की हा उठून जायचा.

निदान करणं माझं काम नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी नुसतं पाहून सांगितलं: फोरडाइस स्पॉट्स. जॉन फोरडाइस या अमेरिकन डॉक्टरांनी 1896 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. या आपल्याच तैलग्रंथी. एरवी त्या केसाच्या मुळाशी असतात. ओठावर केस नसल्यामुळे पातळ त्वचेखालून दिसतात. आकार 1 ते 3 मिलिमीटर. वयात येताना ठळक होतात, बहुतेक मोठ्या माणसांना असतात, दुखत नाहीत आणि त्यांची कुणाला लागणही होत नाही.

हर्पीसमध्ये आधी चुणचुण होते, मग पाणी भरलेले दुखरे फोड एकत्र उठतात, खपली धरते आणि साधारण 7 ते 10 दिवसांत सगळं निवळतं. सहा महिने जसंच्या तसं राहत नाही. आणि ओठावरचा हर्पीस असता तरी काय? कितीतरी जणांना तो लहानपणी घरच्याच कुणीतरी घेतलेल्या पापीतून मिळालेला असतो. त्यात शरमेचं काही नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

ओठावर आणखीही काही काही दिसतं. खालच्या ओठाच्या आत कधी मऊ, निळसर फुगवटा येतो, तो बहुधा दात लागून लाळग्रंथीची नळी दुखावल्यामुळे. नव्या लिपस्टिकनं, टूथपेस्टनंही पुरळ उठतं. पण दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कडक गाठ किंवा पांढरा चट्टा असेल, त्यातून तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर एक दिवसही थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

निदान कळल्यावरही त्याचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे हे जाणार नाहीत?" त्याला शिक्षा संपल्याची खूण हवी होती. त्या एका चुंबनाचा अपराध त्यानं ओठावर वाचला होता. मग आम्ही दाण्यांबद्दल बोलणं सोडलं. आरसा फक्त दात घासताना आणि दाढी करताना, एवढंच ठरलं.

तिसऱ्या भेटीला मास्क नव्हता. मैत्रिणीला काय सांगायचं, हे ठरवायला मात्र आणखी दोन भेटी लागल्या.