पॉवर स्टिअरिंगचं तेल तापतंय? आधी हे बघ

ऑफ-रोडिंगसाठी गाडीला मोठे टायर टाकलेस म्हणजे स्टिअरिंगच्या पंपावर ताण येणारच. पण तेल खरं तापतं ते स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून तसंच दाबून धरल्यावर. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडतो, तेल पंपातल्या पंपात फिरत राहतं आणि बघता बघता कडकडीत होतं. टोकाला लागलं की जरा सैल सोड. फुकटचा उपाय आहे.

तेल थंड करणारा कुलर लावायचाच तर रिटर्न लाइनवर, म्हणजे तेल टाकीत परत आणणाऱ्या नळीवर. पंपातून निघणाऱ्या प्रेशर लाइनचा दाब त्याला झेपणार नाही. रेडिएटरसमोर जागा मिळाली म्हणून खूश होऊ नकोस, दगडांतून गाडी हळूहळू रांगताना वारा कुठला? छोटा पंखा जोड. नंतर आत शिरलेली हवा काढायला पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरव. टाकीत फेस दिसला तर हवा अजून आत आहे. आणि तेल जळकट वासाचं झालं असेल तर आधी तेच बदल, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घालून.