सप्तरंगी पेले विलायती की फिरोजाबादी?

प्रश्न: ताई, आमच्या मालवणच्या घरी आजेसासूबाईंच्या फडताळात काचेचे पेले आणि एक माशाच्या आकाराची फुलदाणी मिळालीय, सगळं झेंडूच्या रंगाचं आणि उजेडात धरलं की जांभळी-हिरवी झाक मारते. घरचे म्हणतात आजेसासरे बोटीवर होते त्यांनी विलायतेहून आणलं, पण एका पेल्याच्या तळाला इंग्रजीत जैन असं लिहिलंय! वर पांढुरकं आलंय, चिंचेने घासू का? आणि गणपतीत त्यातून कोकम सरबत दिलं तर चालेल ना?

उत्तर: अहो चिंच आधी बाजूला ठेवा, आणि तारेची घासणी तर लांबच. ती झाक म्हणजे रंग नव्हे, साच्यातून काढलेला पेला गरम असतानाच त्यावर कथील नाहीतर लोखंडाच्या क्षारांचं पाणी फवारतात, त्याचा इतका पातळ थर बसतो की थराच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळून काही रंग उठतात नि काही मरतात, बंदरात लाँचचं डिझेल सांडलं की पाण्यावर तवंग दिसतो ना, अगदी तसंच. हा थर घासून गेला की खाली साधी काच.

विलायतेचं म्हणाल तर घरच्यांचा हिरमोड होणार. जैन म्हणजे यूपीतल्या फिरोजाबादचं जैन ग्लास वर्क्स. अशी काच अमेरिकेत फेंटन कंपनीने १९०७-०८ च्या सुमारास बाजारात आणली, जमवणारे तिला कार्निव्हल ग्लास म्हणतात, पुढे फिरोजाबादेतही ती बनायला लागली आणि मासा, हाताचा पंजा असल्या फुलदाण्या तर तिथली खासियत. आपल्याला जुनी काच म्हटली की ओगलेवाडीचे कंदील तेवढे आठवतात, बाकी चकाकतं ते सगळं विलायती! मला विचाराल तर फिरोजाबादी निघाली हेच जास्त भारी.

आता पांढुरकं. कोमट पाणी, दोन थेंब लिक्विड सोप आणि मऊ फडकं, बास. धुतल्यावर गेलं आणि सुकल्यावर परत उमटलं, हाताला निसरडं लागलं, तर आपल्या दमट हवेने काचेतला सोडा बाहेर येतोय. ते काही जात नाही, वाढू नये एवढंच बघायचं, म्हणून पावसाळ्यात पेपरात गुंडाळून फडताळात कोंडू नका, पेले एकात एक घालू नका, वारं लागू द्या.

सरबत मात्र नको हां, आमसुलाचा आंबटपणा त्या लेपाला कशाला दाखवायचा, स्टीलचे पेले आहेत की घरात.